बाबू दारासमोर गप्प उभे राहिले तेव्हा

सत्तरच्या दशकात सोलापुरात भवानी पेठेत आमच्या माडीवर एक बंगाली बाबू भाड्यानं राहायचे. नोकरी रेल्वेत. पण इथं येण्याआधी कलकत्त्याला ते नाटकांत कामं करत, नाटकं बसवतही. एकदा भर प्रयोगात त्यांना पुढचं वाक्य आठवेना. तसेच विंगेत निघून गेले आणि नाटकात काम करणं सोडलं. बदली मागून सोलापूर गाठलं. हे त्यांनी फक्त आईला सांगितलं होतं. तिला ते बौदी, म्हणजे वहिनी म्हणत. आणि आईला सांगितलेलं गल्लीला कळायला एक दुपार पुरायची.

आमच्या हौशी मंडळानं गळ घातली म्हणून ते नाटक बसवायला तयार झाले. पुढं बापाचं काम करणाऱ्या मास्तरांना कावीळ झाली आणि ती भूमिकाही बाबूंच्याच गळ्यात पडली. कावीळ त्यांनाच झाल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. या वेळी विसरलो तर पुन्हा रंगमंचावर चढणार नाही, असं ते आईपाशी बोलले. म्हणजे गल्लीपाशीच.

नाटकातला मुलगा मी होतो. माझा अभिनय पाहून बाबूंनी ती भूमिका कापत कापत दारामागं नेऊन ठेवली. शेवटी बाप येऊन "दार उघड, मी आलोय" म्हणणार, मी दार उघडून त्याच्याकडं बघणार, पडदा. त्या बघण्यावरही ते नाराज. मी बापाकडं नव्हे, दूधवाल्याकडं बघतो म्हणायचे.

तालमी आमच्या कापडाच्या कारखान्यात, माग बंद झाल्यावर चालत. खिडक्यांना नुसते गज, त्यामुळं महिन्याभरात गल्लीला नाटक पाठ झालं. शेजारच्या तेलुगू मावशी भाकरी थापताना बापाचं स्वगत म्हणायच्या, आणि खरं सांगायचं तर मास्तरांपेक्षा बरं म्हणायच्या.

बाबू दोन गोष्टींवर अडून बसले होते. एक, प्रॉम्प्टर नको. दुसरी, शेवटी बाप दारासमोर बराच वेळ गप्प उभा राहील आणि मगच बोलेल. तालमीत मात्र ती शांतता ते कधी करत नसत. ती प्रयोगासाठी राखून ठेवायची, असं त्यांचं म्हणणं.

प्रयोगाला आख्खी गल्ली लोटली. बाबूंनी काम असं केलं, की मावशीसुद्धा ओठ हलवायच्या थांबल्या. शेवटी त्यांची पावलं दारापाशी आली. थांबली. मग पंख्यांच्या कुरकुरीशिवाय काही नाही. हे असंच आहे, हे मला माहीत होतं. गल्लीला नव्हतं. गल्लीच्या हिशेबी कलकत्त्यात झालं तेच पुन्हा चाललं होतं.

पुढच्या रांगेतून आईचा आवाज आला. ती हळूच बोलली, असं तिला आजही वाटतं.

"दार उघड म्हणा की, बाबू."

मागून मावशींनी वाक्य पुरं केलं. मग रांगाच्या रांगा, आरतीला लावावा तसा सूर लावून म्हणू लागल्या, "दार उघड, मी आलोय."

मी दार उघडलं. करणार काय? वाक्य झालं होतं.

समोर बाबू, थाप मारायला हात उचललेला. घाबरून मी जो बघत राहिलो, ते बघणं मला महिनाभर जमलं नव्हतं. ते हलले नाहीत. सगळे पुन्हा गप्प होईपर्यंत तसेच उभे राहिले आणि मग सताड उघड्या दारासमोर, सावकाश, म्हणाले, "दार उघड, मी आलोय."

"आठवलं गं बाई," आई म्हणाली, आणि टाळ्या सुरू झाल्या.

रंगपटात बाबू खोबरेलानं रंग पुसत बसले होते. मी दार का उघडलं, असं त्यांनी विचारलं. वाक्य ऐकू आलं म्हणून, मी म्हणालो. कोणाच्या तोंडून? सगळ्यांच्याच.

तेवढ्यात आई आली.

"बौदी, मी विसरलो नव्हतो."

"असू द्या हो," आई म्हणाली. "आमी कुणाला सांगत न्हाई."

बाबूंनी फडकं तोंडावर धरलं. खांदे हलत होते. हसतायत की रडतायत, कळेना. त्या दिवशी कलकत्त्यात सगळं थिएटर गप्प बसलं होतं, एवढंच ते फडक्याआडून बोलले. मग तोंड पुसून माझ्याकडं वळले.

"अक्कलकोटच्या प्रयोगाला या दाराला बाहेरून कडी बसवून घे. ती मी काढीन."