कॉम्प्रेसर मोठा आहे

आक्कांनी त्यांच्या दुकानात कुठल्याही चाकाचा शेवटचा नट स्वतः आवळला नाही. पिकअपच्या चाकाला सहा नट असले तर पाच त्या आवळायच्या, सहाव्यावर व्हील पाना लावून ठेवायच्या आणि पदराला हात पुसत बाजूला व्हायच्या. मग ड्रायव्हरकडे बघून म्हणायच्या, "ज्याला बसून जायचंय त्यानं वढावं."

नवीन ड्रायव्हर चिडायचे. एकाने एकदा विचारलं होतं, "आक्का, दुकान तुमचं का माझं?" आक्का म्हणाल्या, "दुकान माझं, मान तुझी. वढ." त्याने मुकाट्याने पाना ओढला. पुढच्या फेरीला तोच माणूस चाक बसवून होताच स्वतः पुढे आला. मी एकदा आक्कांना याचं कारण विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मी आवळलं तर तो बिनघोर होतो. त्यानं आवळलं तर रस्त्यानं एकदा तरी उतरून बघतो."

पिंपळगावला हायवेच्या सर्व्हिस रोडला लागून त्यांचं घर होतं आणि घरासमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये टायरचं दुकान. आमचं घर मागच्या गल्लीत. दुकान मुळात त्यांच्या यजमानांचं. ते गेले तेव्हा मी सातवीत होते. तेराव्यानंतरच्या सोमवारी आक्कांनी साडीवर त्यांचा खाकी शर्ट चढवला आणि शेड उघडली. सुरुवातीला ड्रायव्हर थांबायचे, आत डोकावायचे आणि "मालक कुठंय?" असं विचारायचे. आक्का म्हणायच्या, "वर. तुला इथं काम हाय का तिकडं?" हळूहळू द्राक्षाच्या आणि कांद्याच्या गाड्या त्यांच्याकडेच थांबायला लागल्या.

लोखंडाचं त्यांना कानाने कळायचं. नट पुरेसा आवळला गेला की बारीक किरकिरतो. कुणी त्यापुढे जोर लावला की त्या हात धरायच्या. "किरकिरला ना? मग सोड त्याला. पुरे झालं म्हणतोय तो. माणसाला कळत नाय, लोखंडाला कळतं." हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल सांगता येत नाही. त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

मी आमच्या घरातली कॉलेजला जाणारी पहिली. वडील बाजार समितीत कांद्याच्या गोण्या उचलतात, आई द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये जाते. मला नाशिकला मेकॅनिकलला प्रवेश मिळाला, तेव्हा घरच्यांपेक्षा जास्त आनंद आक्कांना झाला असावा. त्या येणाऱ्याजाणाऱ्या ड्रायव्हरला सांगायच्या, "ही आमची इंजिनेर." मला लाज वाटायची, कारण मला काहीच येत नव्हतं. वर्गातली मुलं मशीनची नावं लहानपणापासून ऐकल्यासारखी बोलायची. मी कधी सरांना प्रश्न विचारला नाही. विचारलं की आपल्याला माहीत नाही हे सगळ्यांना कळतं, अशी माझी समजूत होती. म्हणून मी मान हलवायचे आणि घरी येऊन मोबाइलवर शोधायचे.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आक्कांचा उजवा खांदा धरला. हात खांद्याच्या वर जाईना. माझी आई सकाळी कामाला जाताना त्यांची वेणी घालून द्यायची. जानेवारीपासून द्राक्षाच्या गाड्या सुरू होणार होत्या. दिवसाला दहा-बारा चाकं, त्यातले कित्येक नट गंजून बसलेले. एका संध्याकाळी त्यांनी मला शेडमध्ये बोलावलं.

"दीपे, ती नट खोलायची गन असती ना, मोठ्या गॅरेजात?"

"इम्पॅक्ट गन."

"तीच. ह्या हातानं यंदाचा सीझन व्हायचा नाय. सीझन नाय झाला तर दुकान ठेवून तरी काय करू? तर तू सांग, कंची घ्यायची ते. तुझं तेच शिक्षण हाय."

माझं ते शिक्षण अजून झालेलं नव्हतं, पण तसं मी म्हणाले नाही. आठ दिवस मी मोबाइलवर व्हिडिओ बघितले. वहीत रकाने आखले आणि प्रत्येक गनची ताकद किती न्यूटन मीटर ते लिहून काढलं. सगळ्यांत मोठ्या आकड्याखाली दोन रेघा मारल्या. मला वाटलं, निवड म्हणजे एवढंच.

नाशिकला द्वारका चौकातल्या अवजारांच्या एका दुकानात आम्ही दोघी गेलो. आक्का इस्त्रीची साडी नेसल्या होत्या. दुकानदार आधी त्यांच्याशी बोलत होता, पण मी मेकॅनिकलला आहे असं आक्कांनी सांगितलं आणि तो माझ्याकडे वळला. "मग मॅडम, तुम्हाला तर सगळं माहीतच आहे." मी वही उघडून त्या दोन रेघा दाखवल्या. त्याने हवेवर चालणारी एक मोठी गन काउंटरवर ठेवली आणि विचारलं, "कॉम्प्रेसर केवढा आहे तुमच्याकडे?"

मला माहीत नव्हतं. शेडच्या कोपऱ्यातला तो कॉम्प्रेसर मी लहानपणापासून बघत होते, पण त्याच्या टाकीत किती हवा मावते किंवा तो मिनिटाला किती हवा देतो, हे मी कधी वाचलं नव्हतं. ही गन किती हवा खाते, तेही वहीत नव्हतं. दुकानदार थांबला होता. मी म्हणाले, "मोठा आहे."

आक्का माझ्या शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि पैशांच्या पिशवीची गाठ सोडली.

गन आली त्या दिवशी शेडपुढे पाच-सहा जण जमले. अन्वरभाईंची पिकअप जॅकवर घेतली होती. नाशिकच्या मार्केटला कायम माल नेणारे हे ड्रायव्हर, आक्कांचे यजमान असल्यापासूनचे. पहिला नट एका झटक्यात सुटला. अन्वरभाई म्हणाले, "वा! आक्का, आता तुम्ही खुर्ची टाकून बसा." दुसराही सुटला. तिसऱ्याला गनचा आवाज जरा मंदावला, तशी आक्कांनी ती काढून खुंटीला अडकवली. "पहिल्याच दिवशी मशीन दमवू नये," असं म्हणून त्यांनी चहा सांगितला. माझ्या पाठीवर डावा हात ठेवला. त्या रात्री मला खूप शांत झोप लागली. आपण शिकतोय ते कुणाच्या तरी कामाला आलं, असं पहिल्यांदाच वाटलं होतं.

मी सकाळी सातच्या बसने जायचे आणि दिवेलागणीला परत यायचे. गन रोज खुंटीला असायची, पुसून लख्ख. मी विचारायचे, "चालतेय ना नीट?" आक्का म्हणायच्या, "पळतीय."

मार्चमध्ये एकदा आमचं प्रॅक्टिकल रद्द झालं आणि मी दुपारीच परत आले. शेडमध्ये कांद्याचा टेम्पो उभा होता. गन खुंटीला होती. आक्कांनी व्हील पान्यावर लांब पाइप चढवला होता आणि त्या दोन्ही पायांनी त्या पाइपावर उभ्या होत्या. दोन्ही हातांनी टेम्पोची फळी धरली होती. नट हलेना, तशा त्या अंग सोडून खाली रेटत होत्या आणि प्रत्येक रेट्याला उजव्या खांद्यातल्या कळेने ओठ चावत होत्या. मी दिसताच त्या खाली उतरल्या.

"लवकर आलीस? ते... कॉम्प्रेसरमधी हवा भरू देत व्हते जरा."

अन्वरभाई बाकावर बसले होते. त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "आक्का, बस झालं आता. मी सांगणार." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बेटा, ती गन दोन नटांच्या पुढं चालतच नाय. ह्या कॉम्प्रेसरला दम नाय तेवढा. हवा भरेपर्यंत पंधरा मिनिटं बसावं लागतं, अन् गाडीवाला कुठं थांबतोय? पहिल्या दिवसापासून असंच हाय."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"आक्कांनी शपथ घातली व्हती सगळ्यांना. पोरीच्या पुढं बोलायचं नाय म्हणून."

सगळ्यांना म्हणजे माझ्या आईलाही. ती रोज सकाळी आक्कांची वेणी घालताना तो सुजलेला खांदा बघत होती.

अन्वरभाई टेम्पोवाल्याला घेऊन चहाच्या टपरीकडे गेले. आम्ही दोघीच उरलो. मला रडायला येत होतं, पण रडायचा हक्क आपला नाही असंही वाटत होतं. मी विचारलं, "द्वारकेला दुकानात मी 'मोठा आहे' म्हणाले, तेव्हा तुम्हाला माहीत होतं ना?"

"नुसता चाकात हवा भरायचा कॉम्प्रेसर तो. मला नाय माहीत व्हनार?"

"मग तिथंच बोलला का नाहीत?"

आक्का पाइप पान्यावरून काढत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "तो माणूस तुला मॅडम म्हणत व्हता. आपल्या गल्लीत आजवर कुणाला कुणी मॅडम म्हणलंय? त्याच्या तोंडावर मी कशी सांगू, का हिला माहीत नाय म्हणून?"

"पण तुमचा खांदा, आक्का."

"खांदा काय, त्यो तसाही जायचाच व्हता."

हे खरं नव्हतं. नंतर आई त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं की गेले तीन महिने तुम्ही या हातावर एवढा जोर का देत होता. आक्कांनी तिथेही "सीझन व्हता" एवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला गेले नाही. गन पोत्यात घालून एकटीच बसने द्वारकेला गेले. ती मांडीवर घेऊन बसले तेव्हा पहिल्यांदा तिचं वजन कळलं. तासाभरात माझेच पाय बधिर झाले. आक्का ती दुखऱ्या हातात धरणार होत्या, हे मी निवडताना एकदाही मनात आणलं नव्हतं.

दुकानात गेल्यावर मी सगळं सांगून टाकलं. "कॉम्प्रेसर लहान आहे. मला तेव्हा माहीत नव्हतं आणि मी खोटं बोलले." दुकानदार मला हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही. त्याने स्टूल पुढे केलं आणि विचारायला लागला. गाड्या कुठल्या येतात? नट केवढे? दिवसाला किती चाकं? लाइट जाते का? आणि शेवटी, "गन धरणार कोण?" माझ्या वहीत यातला एकही रकाना नव्हता. आक्कांकडे सगळ्या पिकअप आणि लहान टेम्पो येतात म्हटल्यावर त्याने बॅटरीवर चालणारी, अर्ध्या इंचाच्या चौकोनी टोकाची, हातात सहज मावणारी गन काढली. आकडा माझ्या दोन रेघांच्या आकड्यापेक्षा बराच लहान होता. "तुमच्या कामाला ही पुरून उरेल. फक्त नट हिने सोडवायचे, बसवताना नुसते टेकवायचे. शेवटचं आवळणं हातानंच करायचं, नाहीतर नट ज्यावर बसतात ते स्टड ताणले जातात," तो म्हणाला. "आक्का तसंच करतात," मी म्हणाले. मोठी गन परत घेऊन त्याने ही दिली. देताना सहज बोलला, "त्या दिवशी कळलं असतं तर तेव्हाही हीच दिली असती." त्याच्या मनात काही नव्हतं. माझ्या मनातून मात्र ते वाक्य अजून जात नाही.

नवी गन चांगली चालली. गंजलेले नटसुद्धा सुटायचे. आक्का ती डाव्या हातात धरून लहान मुलासारखं हसायच्या. पण खांदा आता त्यांच्या ऐकण्यातला राहिला नव्हता. सीझन कसाबसा संपला. मे महिन्यात एकदा चाक उचलून स्टडवर बसवताना ते त्यांच्या हातून निसटलं आणि पायाशी पडलं. थोडक्यात वाचल्या. त्या त्याच चाकावर बसल्या. मग म्हणाल्या, "नट सुटतो गं दीपे. चाक कोण उचलंल?"

महिन्याभरात शेड रिकामी झाली. नांदगावला त्यांची लेक असते, तिने न्यायचं ठरवलं. गन आणि व्हील पाना आक्कांनी माझ्या हातात दिले. मी घेईना, तर म्हणाल्या, "कॉलेजात सर काय सांगत असले अन् कळलं नाय, तर हात वर करून इचारायचं. मान हलवायची नाय. शपथ हाय माझी." मी आता विचारते. अजूनही मागच्या बाकावरून कुणीतरी हसतं, पण विचारते.

जायच्या दिवशी अन्वरभाईंनी स्वतःची पिकअप आणली. दोन ट्रंका, गादी, एक कपाट, एवढंच सामान. सगळं चढवून झालं तरी आक्का केबिनमध्ये बसेनात. सवयीने गाडीभोवती फिरून चाकं बघत होत्या. मागच्या डाव्या चाकापाशी थांबल्या.

"अन्वर, हा ढिला हाय."

"आक्का, सकाळीच बघितलाय मी."

"डोळ्यांनी बघितला असंल."

मी आमच्या घरी जाऊन पाना आणला. खाली बसून नट आवळला. खरंच अर्धा आटा ढिला होता. किरकिरायच्या थोडं आधी मी थांबले आणि पाना तसाच नटावर ठेवून उठले. अन्वरभाई सवयीने पुढे झाले. मी म्हणाले, "अन्वरभाई, तुम्ही नको." आणि आक्कांकडे बघितलं. त्यांना म्हणाले, "ज्याला बसून जायचंय त्यानं वढावं."

"आता माझ्यावरच उलटली का," आक्का म्हणाल्या आणि वाकल्या. डावा हात पान्यावर ठेवून दाबलं. नट हलला नाही. मी पुढे झाले नाही, अन्वरभाईही झाले नाहीत. त्यांनी पाय रोवले, सगळं अंग त्या एका हातावर टाकलं आणि नट बारीकसा किरकिरला.

"पुरे झालं त्याला," आक्का म्हणाल्या. पाना काढून त्यांनी माझ्या हातात दिला आणि केबिनमध्ये चढल्या. चढताना उजवा हात त्यांनी छातीशी धरून ठेवला होता.