जबाबाखालची माझी सही

माझी अक्का यात्रेतल्या पाळण्यातून पडली तेव्हा मी तिच्या समोरच्या फळीवर बसले होते. आमच्या दोघींच्या गुडघ्यांमध्ये वीतभर अंतर होतं, तरी मला हात पुढे करायला वेळ मिळाला नाही.

आमचं गाव पाचोऱ्याहून बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. स्वातंत्र्य मिळून दोन वर्षं झाली होती. अक्का बावीस वर्षांची, मी अठराची. तिच्या लग्नाला वर्ष झालं होतं आणि गावच्या यात्रेसाठी तिला चार दिवस माहेरी पाठवायला सासू एकदाची कबूल झाली होती. अक्का हळू बोलणारी, रस्त्याने खाली बघून चालणारी. पाळण्यात बसायचा हट्ट माझा होता, हे आधीच सांगून टाकते.

पाळणा लाकडी, आठ खोक्यांचा. दोन गडी आऱ्यांवर चढून अंगाच्या भाराने तो फिरवत. प्रत्येक खोक्यात समोरासमोर दोन फळ्या, आणि चढायची बाजू बंद करायला एक आडवा बांबू. बांबूच्या टोकाला लोखंडी खीळ घातली की तो हलत नसे. आमच्या खोक्याला खीळ नव्हती. तिथे सुतळीचे चार वेढे होते.

मी पाळणावाल्याला म्हटलं, "भाऊ, आठे खीळ नही शे."

तो धिप्पाड माणूस होता. कानात बाळी, गळ्यात लाल रुमाल. गाठ अंगठ्याने दाबत तो म्हणाला, "बस वं माय. सुतळी खीळना बापले भारी शे."

भोवतालचे लोक हसले. अक्का हसली. मीही हसले.

तिसऱ्या फेरीला आमचं खोकं वरून खाली येत होतं. अक्काने पदर सावरायला अंग जरा बाजूला झुकवलं, तिचा खांदा बांबूला टेकला, आणि बांबू दारासारखा उघडला. ती बसल्या जागेवरून गेली. खाली पाळण्याचे दोर ताणून धरायला मेखा ठोकल्या होत्या. त्यातल्या एकीवर तिची कंबर आदळली. मी मात्र पुरी फेरी होईपर्यंत वरच होते, कारण गड्यांना चाक थांबवता येईना. खाली येऊन मी उतरले तेव्हा तिच्याभोवती माणसांचं कडं झालं होतं, आणि माझ्या मागे पाळणावाला आमच्या खोक्याला कुठूनतरी काढलेली खीळ बसवत होता. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस ठाण्याचे जमादार आले. तोपर्यंत आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, अक्काला बैलगाडीत गवत अंथरून पाचोऱ्याला आणि तिथून आगगाडीने जळगावच्या दवाखान्यात नेलं होतं. घरी मी आणि आई. यात्रेचे अजून तीन दिवस बाकी होते. गावातल्या चार मोठ्या माणसांना यात्रा मोडायला नको होती. जमादार त्यांच्यातच बसून चहा प्यायले. मग मला चावडीवर बोलावलं.

मी सगळं सांगितलं. सुतळी, वेढे, तो काय म्हणाला, मागून खीळ कशी बसवली. जमादार मान हलवत लिहीत होते. शेवटी त्यांनी कागद उचलून मला वाचून दाखवला. त्यात सुतळी होती, खीळ होती, सगळं मी सांगितलं तसं. म्हणाले, "बरोबर आहे ना, पोरी? कर सही."

मी सातवी पास होते. गावात सही करणारी मुलगी मी एकटीच, आणि त्याचा मला अभिमान होता. पण कागद मोडीत होता. आमच्या शाळेत मुलींना बाळबोध शिकवलं, मोडीची ओळखही करून दिली नाही. त्या आकड्यांत आणि वेलांट्यांत मला एक अक्षर लागेना. ते विचारायची लाज वाटली. मी वळणदार बाळबोध अक्षरात सही केली.

अक्का दीड महिना दवाखान्यात होती. घरी आली ती डावा पाय ओढत. तिच्या सासरहून एकदा दीर येऊन बघून गेला, मग कोणी येईना. आबा स्वतः गेले तेव्हा सासऱ्यांनी अंगणातच सांगितलं, "तुमची पोरगी पाळण्यात उभी राहून नाचत होती. गड्यांना ओरडून जोरात फिरवायला सांगत होती. सरकारी कागदात लिहिलंय. सख्ख्या बहिणीची सही आहे खाली. असली सून आम्हाला नको."

आबा घरी येऊन माझ्याशी बोलले नाहीत. आई बोलली, आणि जे बोलली ते मी इथे लिहिणार नाही. अक्का भिंतीला टेकून बसली होती. ती एवढंच म्हणाली, "मी उभी नही व्हती, हाई बठ्ठा गावले माहीत शे. मंग कागदले काबर माहीत नही?"

त्या दिवसापासून मी अन्न खाल्लं ते त्या दोन माणसांची आठवण तोंडी लावून. सूड हा शब्द मी तेव्हा मनातही उच्चारला नव्हता, पण सकाळी डोळा उघडला की आधी लाल रुमाल दिसायचा आणि मग जमादारांचं टाक धरलेलं बोट.

पुढच्या वर्षी मी हट्टाने धुळ्याला शिक्षिकेचं शिक्षण घ्यायला गेले. आबांना वाटलं, पोरगी घरातलं वातावरण विसरायला निघाली. मी मोडी शिकायला निघाले होते. मी राहायचे त्या गल्लीत कचेरीतून निवृत्त झालेले एक कारकून होते. सगळे त्यांना नाना म्हणत. मी म्हटलं, "नाना, मला मोडी शिकवा."

"आता मोडी शिकून काय करणार? सरकारनेच ती सोडली."

"एक कागद वाचायचाय."

"आण, मी वाचून दाखवतो."

"नको," मी म्हणाले. "वाचून दाखवलेलं नको."

नानांनी दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन यायला सांगितलं. चार महिने मी शिकले. त्यांनीच अर्ज कसा करायचा ते सांगितलं आणि मी माझ्या जबाबाची नक्कल मिळवली. ती मी नानांच्या ओट्यावर बसून, अक्षराला अक्षर लावत वाचली. 'माझी बहीण स्वभावाने उनाड असून पाळणा वर असता उभी राहिली. मी तिला बस म्हटले. तिने ऐकले नाही. आडवा बांबू तिने स्वहस्ते काढला. पाळणेवाल्याचा दोष नाही.' आणि खाली माझं नाव.

मला रडू आलं नाही. उनाड हा शब्द मी तीनदा वाचला. ज्या मुलीने स्वतःच्या नवऱ्याकडेही मान वर करून बघितलं नसेल, तिला तो मनुष्य एका फटक्यात उनाड करून गेला होता, आणि माझ्या तोंडून.

जमादारांचा शोध मी घेतला. ते बढती मिळून दूर गेले होते, मग निवृत्त झाले. त्यांच्यापर्यंत माझा हात कधीच पोचला नाही. ते आजही सलतं. पाळणावाला मात्र फिरता होता, आणि फिरता माणूस कधीतरी समोर येणारच होता.

तो आला पाच वर्षांनी. मला सोनगीरच्या पुढे आग्रा रोडला लागून असलेल्या एका गावात शाळा मिळाली होती. तिथल्या यात्रेत पाळणा लागला. मी दुपारी शाळा सुटल्यावर गेले. त्याचे केस पिकले होते, रुमाल तोच. त्याने मला ओळखलं नाही. मी तिकीट न काढता नुसती उभी राहून एकेक खोकं खाली येताना मोजलं. आठपैकी तीन खोक्यांना सुतळी होती.

मी सरळ सरपंचांकडे गेले. "सरपंच, पाळणा थांबवा. आत्ता. कोणी पडल्यावर पंचनामा करण्यापेक्षा पडायच्या आधी करू." ते चांगले गृहस्थ होते, आणि गावात शाळेच्या बाईंच्या शब्दाला मान होता. पाळणा थांबला. रांगेतल्याच पाच जणांना मी पंच म्हणून घेतलं. प्रत्येक खोक्याजवळ जाऊन त्यांना हात लावून बघायला सांगितलं. पंचनामा मी बाळबोधीत लिहिला, सर्वांसमोर मोठ्याने वाचला, पाचही जणांनी सह्या केल्या. त्यात कमी-जास्त काही नव्हतं.

मग पाळणावाल्याचा जबाब घ्यायचा राहिला. तो आणि मी त्याच्या तंबूच्या सावलीत बसलो. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. तो म्हणाला, "बाई, खिळा हरवन्यात. उद्या आनी लेस." तेवढंच. मी लिहू लागले. मी लिहिलं की तीन खोक्यांच्या खिळा हरवल्या आहेत. आणि पुढे त्याच्याच तोंडी लिहिलं की पाच वर्षांपूर्वी पाचोऱ्याकडच्या एका यात्रेत अशाच सुतळीमुळे एक बाई पडून जायबंदी झाली. ती बसलेली होती, उभी नव्हती. ती पडल्यावर मी तिथे खीळ बसवली. खोटा जबाब लिहिला गेला हे मला ठाऊक होतं.

लिहून झाल्यावर मी कागद उचलून त्याला वाचून दाखवला. "तीन खोक्यांच्या खिळा हरवल्या असून उद्या आणून बसवतो." आवाज जरासुद्धा हलला नाही.

"बरोबर आहे ना, भाऊ? करा अंगठा."

त्याने अंगठा केला. सरपंचांनी बाईंवर भरवसा ठेवून न वाचताच साक्षीची सही केली. त्या क्षणी मला जे वाटलं त्याला आनंद म्हणतात, दुसरा शब्द नाही. पोटात ऊन पडल्यासारखं झालं.

दोन्ही कागदांच्या प्रती मी हाताने काढल्या. एक मामलेदार कचेरीत, बाकीच्या जिथे जिथे यात्रा भरते त्या गावांना. दर रविवारी बसून लिहायचे. बोटाला घट्टा पडला. हळूहळू गावं त्याला जागा नाकारू लागली. दुसऱ्या वर्षी तो शाळेच्या दाराशी आला. रुमाल नव्हता.

"बाई, कागदवर जे लिखेल शे, ते मी बोलनाच नही."

"पण खोटं आहे का?"

तो दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. वर्गात पोरं पाढे म्हणत होती. "नही," तो म्हणाला. "खोटं नही." मग विचारलं, "ती बाई जित्ती शे का?"

"आहे. चालते थोडी." मी दार लावून घेतलं. पुढे ऐकलं, पाळणा मोडून त्याचं लाकूड कुणीतरी गुरांच्या गोठ्याला नेलं आणि तो गुजरातेकडे मजुरीला गेला. मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

सुट्टीत घरी गेल्यावर मी अक्काला पहिल्यापासून सगळं सांगितलं. तिच्या चेहऱ्यावर समाधान बघायला मी पाच-सहा वर्षं थांबले होते. तिने शेंगा फोडायचे हात थांबवून विचारलं, "त्याले खरं वाची दखाडं का?"

"नाही."

"त्या जमादारमा आनि तुन्हामा काय फरक शे मंग?"

मी म्हटलं, मी खरं लिहिलं, त्याने खोटं. तिने मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी तिचे सासरे आले. एक प्रत मी त्यांनाही पाठवली होती. ओसरीवर बसून ते आबांना म्हणाले, "जे झालं ते झालं. सुनेला न्यायला आलोय." आबांचे डोळे भरून आले. आई आत जाऊन लुगडं काढू लागली. अक्का पाय ओढत बाहेर आली आणि सासऱ्यांना पाणी दिलं. मग म्हणाली की येणार नाही. त्यांनी कारण विचारलं. तिने कारण दिलं नाही, पुन्हा तेच सांगितलं. ते पाणी न पिता उठले.

संध्याकाळी ती माझ्या पिशवीतून पाटी काढून माझ्यासमोर येऊन बसली.

"माले वाचता शिकाड," ती म्हणाली. "आते मना कोनावर भरोसा नही. तुन्हावर बी नही."

मी तिला शिकवलं. सुट्टी संपेपर्यंत ती बाराखडीत होती, दिवाळीला जोडाक्षरं लागली. पुढच्या उन्हाळ्यात तिने माझ्या सहीचा तो जबाब वाचायला मागितला. तो मोडीत आहे, असं मी सांगितलं. मग मोडीही शिकव, म्हणाली.