पन्नी काढायची राहिली

आधीच माफी मागतो... हे ग्रुपवर लिहायला फार उशीर झाला. पावसाळ्यातली गोष्ट, अन् दिवाळी होऊन गेली तरी मी रोज मोबाइल हातात घेत होतो अन् खाली ठेवत होतो.

अहेरीत माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं लहानसं दुकान आहे. शिक्षण सातवीपर्यंत, तेही अर्धवट. बाकी सगळं हातानेच शिकलो, अन् आता म्हातारपणी व्हिडिओ पाहून शिकतो.

एका बाजाराच्या दिवशी एटापल्लीकडच्या एक बाई आल्या. त्यांचं नाव सुगंधाबाई, गावात अंगणवाडीत मदतनीस आहेत. सोबत आठवीतली मुलगी रोशनी. भावाने हैदराबादहून आणून दिलेला, टीव्हीला जोडून खेळायचा जुना गेमचा डब्बा होता, तापून तापून बंद पडायचा. त्या डब्ब्यावर गल्लीतली सगळी पोरं जमायची म्हणे, अन् रोशनी सगळ्यांची पाळी लावायची.

डब्बा उघडला तर आतले थर्मल पॅड पार वाळलेले. थर्मल पॅड म्हणजे चिपच्या अन् लोखंडी पत्र्याच्या मधात बसणारे मऊ रबरासारखे तुकडे. चिपची गरमी ते पत्र्याकडे नेतात. मी धूळ काढली, नवीन पॅड कापून बसवले, चहा होईपर्यंत चालवून पाहिलं. चाललं... मला कोण आनंद झाला.

पुढच्या बाजाराला मायलेकी परत हजर. घरी खेळायला बसलं की थोड्या वेळात बंद पडतो म्हणाल्या.

माझा मुलगा चंद्रपूरला असतो, तो नेहमी म्हणतो, बाबा, तुम्हाला आता नीट दिसत नाही, दुकान बंद करा. मला वाटलं, हे गावात पसरलं तर संपलंच. अन् तोंडातून भलतंच निघालं.

"बाई, टीव्हीवर टाकता तसं याच्यावरही कापड टाकून चालवला असन. मंग तापनारच."

बाईंनी लेकीकडे पाहिलं. "काऊन वं? माह्यं विणलेलं कापड टाकलं होतं का तू?"

"नाई आई. मी काढूनच ठेवतो."

"मंग आबाजी काय खोटं बोलून राह्यले?"

पोरगी माझ्याकडे वळली. "आबाजी, तुमी पाह्यलं का मले टाकताना?"

आता तरी गप्प बसायचं होतं ना. मी म्हणालो, "पाहाले कायले लागते? मशीनच सांगते सगळं."

बाईंनी तिच्या पाठीत एक धपाटा घातला. बाजारातल्या चार लोकांनी पाहिलं. पोरगी रडली नाही, फक्त वेणी पुढे घेऊन तिचं टोक चावत उभी राहिली... मी डब्ब्यातला पंखा झाडल्यासारखं केलं अन् डब्बा परत दिला.

काही दिवसांनी एका मास्तरांच्या लॅपटॉपला त्याच पाकिटातला पॅड लावत होतो. नखाला काहीतरी अडकलं. ओढलं तर पॅडच्या खालच्या बाजूने प्लास्टिकची एक पातळ, पाण्यासारखी पन्नी निघून आली. दोन्ही बाजूंना पन्नी असते, अन् बसवायच्या आधी दोन्ही काढायच्या असतात. मी वरची निळी तेवढी काढत होतो. खालची मला दिसलीच नव्हती.

मनाला समजावलं की गेमच्या डब्ब्यातली काढली असेल, आठवत नसेल... पण मला माहीत होतं.

एटापल्लीकडे जाणाऱ्या जीपच्या ड्रायव्हरजवळ बाईंना निरोप पाठवला, डब्बा घेऊन या. त्या आल्या. मी त्यांच्याकडे पाठ करून उघडला. प्रत्येक पॅडखाली पन्नी तशीच. एकेक काढून शर्टाच्या खिशात कोंबली, नवीन पॅड बसवले. सगळा बाजार करून मायलेकी परत आल्या, तोवर डब्बा चालूच होता.

"काय झालं होतं आबाजी?" बाईंनी विचारलं.

सांगायची वेळ हीच होती. खिशात हात घातला तर पन्नी हाताला लागत होती. मी म्हणालो, "काई नाई, थोडी सेटिंग हालली होती."

बाई लेकीला म्हणाल्या, "पाह्य, आबाजीनं पुन्हा करून देल्लं. आता तरी कापड टाकू नको."

मला वाटलं, आता ही भांडेल. भांडली असती तर मी बोललोही असतो कदाचित. पण ती हळूच म्हणाली, "हो आई. आता नाई टाकत."

न केलेली चूक पोरीने कबूल केली... अन् मी ऐकत उभा होतो.

जाताना बाईंनी पिशवीतून वास्ते काढून दिले. घरच्या बांबूचे कोवळे कोंब, मुद्दाम माझ्यासाठी आणलेले. मी घेतले. बायकोने भाजी केली, मी पोट बिघडलंय म्हणून ताटावरून उठलो.

त्यानंतर बाईंना दोनदा फोन लावला. त्यांच्या गावात रेंज नाही, लागला नाही... खरं सांगतो, लागला नाही म्हणून बरंच वाटलं. एकदा बसस्टँडपर्यंत गेलो अन् गुडघ्याचं निमित्त करून परत आलो. रोशनी आता आश्रमशाळेत राहते म्हणून कळलं. गेमचा डब्बा चालतो की नाही याची मला आता चिंता नाही. आईच्या मनात ती खोटं बोलणारी पोरगी म्हणून राहिली, याची आहे.

या ग्रुपवर एटापल्लीकडचे मास्तर आहेत, दवाखान्याच्या आशाताई आहेत, जीपवाले भाऊ आहेत. सुगंधाबाई भेटल्या तर एवढं सांगा की रोशनी पहिल्या दिवसापासून खरं बोलत होती, काम आबाजीचं चुकलं होतं. चार लोकांत सांगितलं तरी चालेल, धपाटाही चार लोकांतच बसला होता.

अन् सांगून झालं की मला लवकर कळवा. रोशनी सुट्टीत घरी कधी येणार तेही विचारून ठेवा... तिला माझं तोंड पाहायचं असेल तर मी येतो. नसेल पाहायचं, तर तसाच निरोप पाठवा. पण पाठवा.