बोकडाच्या मिशीचे चार केस

गुरुवारी सकाळी आठ ते दुपारी चार, असे आठ तास सिंक्रोट्रॉनचा किरण आमच्या नावावर होता. सिंक्रोट्रॉन म्हणजे गोल नळीत इलेक्ट्रॉन फिरवून अतिशय प्रखर क्ष-किरण मिळवणारं यंत्र. त्या किरणासमोर प्रथिनाचा स्फटिक धरला की पडद्यावर ठिपके उमटतात आणि ठिपक्यांवरून प्रथिनाचा आकार काढता येतो. आमच्याकडे किरण होता, प्रथिन होतं, स्फटिक नव्हता. प्रथिनाच्या द्रावणाच्या थेंबांत वाढत होत्या त्या नुसत्या बारीक सुया, किरणासमोर निरुपयोगी. ही पाळी हुकली तर पुढची सहा महिन्यांनी, आणि माझी फेलोशिप चार महिन्यांत संपत होती.

यावर एक जुना उपाय आहे. आधीच्या सुया कुटायच्या, त्यात प्राण्याच्या मिशीचा केस बुडवायचा आणि तो नव्या थेंबातून ओढायचा. केसाला चिकटलेल्या कणांभोवती नवे स्फटिक वाढतात. मांजराची मिशी उत्तम, कारण ती टोकाला निमुळती असते. मी दोन दिवस घरी, जळकोटला, निघाले होते. "येताना मिशी आण," आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या.

जळकोटच्या मांजरानं सहकार्य केलं नाही. हातावर तीन ओरखडे घेऊन मी शेळ्या पाळणाऱ्या चुलत्यांकडे गेले.

"तात्या, एखाद्या शेळीच्या ओठावरचे चार केस पाहिजेत."

"करणी करायची का कुणावर?"

"स्फटिक वाढवायचेत. मिठाच्या कणाएवढे."

"मिठाएवढे? आन् त्यासाठी एवढी वर्षं शिकलीस?"

"व्हय."

"ऐकलं का," त्यांनी आत काकूंना हाक मारली, "पोरगी मीठ पिकवती म्हणं."

तरी तात्या उठले. साध्या शेळ्यांकडे त्यांनी पाहिलंही नाही. रविवारच्या बाजारासाठी राखलेला काळाभोर बोकड सोडला, त्याचं तोंड बगलेत धरलं आणि कात्री मागितली. मी दाढीकडे बोट दाखवलं.

"ती लई जाड. ह्यो बघ ओठावरचा, शेंड्याला कसा बारीक हाय."

सोमवारी पहिला केस थेंबातून ओढला. थेंबावर रंगीत तवंग पसरला. मॅडमनी सूक्ष्मदर्शकावरून डोकं वर उचललं. "याला तेल लावलंय का?"

मी स्पीकर चालू करून फोन लावला.

"लावलंय की," तात्या म्हणाले. "बाजाराचा बोकड बिगर तेलाचा नेत्यात व्हय? तोंडालाबी लावतो. उठून दिसतंय."

"तेलानं काम बिघडलं, तात्या."

"मग धू की. पाणी न्हाय का तुमच्याकडं?"

खोलीत मॅडम, एक सहकारी आणि मी, म्हणजे दोन डॉक्टरेट होत्या आणि एक होऊ घातलेली. धुण्याचं कोणालाच सुचलं नव्हतं. नवी मिशी कुठून मिळवायची यावर चर्चा चालू होती. उरलेले तीन केस अल्कोहोलमध्ये तीनदा आणि मग पाण्यात धुतले. चोवीस नव्या थेंबांतून ओढले.

बुधवारी बावीस थेंबांत पुन्हा सुयाच होत्या. दोन थेंबांत मात्र केस जिथून गेला त्या रेघेवर ओळीनं स्फटिक बसले होते. जाड, स्वच्छ कडांचे. एकूण सात.

गुरुवारी पहिला स्फटिक, किरणाच्या माऱ्यात टिकावा म्हणून गोठवतानाच, तडकला. पुढच्या चारांनी पडद्यावर नुसते धुरकट डाग दिले. अकरा वाजले. सहाव्याची पहिली चौकट, म्हणजे पहिलं चित्र, आली, तेव्हा ठिपके पडद्याच्या कडेपर्यंत होते; ठिपके जितके कडेला, तितका आकार बारकाईनं कळतो.

"मॅडम..."

"दिसतंय मला. फिरव."

अर्ध्या-अर्ध्या अंशानं स्फटिक फिरवत राहिलो. मग सातवाही लावला. पावणेचारला शेवटची चौकट साठवली आणि पुढच्या गटाला जागा करून दिली. ठिपक्यांवरून आकार काढायला तीन महिने लागणार होते. ते फेलोशिपमध्ये बसत होते.