लाटांचा भोंगा

आमच्या कारखान्याच्या गावाबाहेर, कुम्हारीच्या पुढे हायवेला लागून एक पार्क उघडला होता. पाण्याच्या घसरगुंड्या, गरगर फिरणारे पाळणे आणि सिमेंटच्या तलावात यंत्रानं उठवलेल्या लाटा. आमच्या वर्गातली जी दोनचार मुलं तिथं जाऊन आली होती, ती पुढे महिनाभर आमच्याशी धड बोलत नव्हती. मी बारा वर्षांची होते आणि मला त्या मुलांचा मनापासून राग यायचा.

त्या हिवाळ्यात बाबांच्या शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या त्यांच्या खात्यात, वर्षभर एकही अपघात झाला नाही म्हणून काही जणांना बक्षीस लागलं. पार्कमध्ये सहकुटुंब दोन रात्री आणि तीन दिवस, राहणं-खाणं सगळं त्यात. बाबांचं नाव यादीत होतं. मी आणि धाकटी बहीण अंगणभर नाचलो. आईनं मात्र ते पत्र कपाटावर ठेवलं आणि त्याच्याकडे पाठ करून भाकरी थापायला बसली.

बाबा कारखान्यात क्रेन चालवत. छताजवळच्या खोपटात बसून वितळलेल्या लोखंडाची घराएवढी बादली या टोकाकडून त्या टोकाला न्यायची, आणि खाली माणसं काम करत असायची. नात्यागोत्यात एवढ्या वर चढलेलं दुसरं कोणी नव्हतं. गावाकडे गेलो की लोक बाबांना आधी क्रेनचं विचारत, मग तब्येतीचं. आणि तब्येतीचंच आम्ही लपवत होतो. बाबांना साखरेचा आजार होता. सकाळ-संध्याकाळ इन्शुलिनची सुई घ्यावी लागे. कारखान्याचा दवाखाना घरापासून दहा मिनिटांवर होता, पण तिथं नोंद झाली की क्रेनवरून खाली उतरवणार हे ठरलेलं. म्हणून बाबा सायकलनं दूर सुपेल्याच्या बाजारात एका खाजगी डॉक्टरकडे जात आणि औषधाची बाटली आमच्या माठाखालच्या ओल्या वाळूत पुरलेली असे. आम्हा दोघी बहिणींना शपथ घातलेली होती.

आमच्या घरी घड्याळ होतं, पण ते पाहुण्यांसाठी. खरी वेळ कारखान्याच्या भोंग्याची. सकाळचा भोंगा वाजला की बाबा सुई घेत, मी पाण्याचा पेला देई आणि आई ताट पुढे करी. सुईनंतर खाणं लांबलं तर काय होतं ते आम्ही एकदा पाहिलं होतं. आधी वरच्या ओठावर घाम, मग हात थरथरणं, मग चिडचिड, मग भलतंसलतं बोलणं. त्यापुढचं डॉक्टरांनी फक्त आईला सांगितलं होतं.

पार्कच्या गेटवर झडती झाली. बाहेरचं खाणं आत न्यायला मनाई. आईनं दशम्या, झुणका आणि गुळाचा खडा बांधून घेतला होता, तो डबा गेला. मग पहारेकऱ्यानं तिच्या पिशवीतून साखरेची पुडी काढली.

"शक्कर भी?" आईनं विचारलं.

"शक्कर भी."

आमच्या मागे रांगेत बाबांचे फोरमनसाहेब आणि त्यांची बायको उभी होती. त्यांनाही बक्षीस होतं. आईनं एकदा मागं पाहिलं आणि पुडी देऊन टाकली. सामान ठेवायची खोली रोज सकाळी नवाला उघडते असं सांगून पहारेकऱ्यानं आमच्या हातात पितळी बिल्ला ठेवला. बदल्यात प्रत्येकाला कूपनांची एक चोपडी मिळाली. नाश्ता, दुपारचं, रात्रीचं, प्रत्येक जेवणाचं पान वेगळं. निळी चोपडी म्हणजे पहिली पंगत, गुलाबी म्हणजे दुसरी. साहेबांची निळी होती, आमची गुलाबी. बहिणीला गुलाबी मिळाली म्हणून कोण आनंद झाला!

दुपारचं जेवण मी अजून विसरले नाही. लांबलचक हॉल, वाफाळती मोठाली भांडी, पुऱ्या, पनीर, दोन प्रकारचा भात. आपल्या हातानं हवं तितकं वाढून घ्यायचं हे आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो, आणि मी हावरटासारखं ताट भरून घेतलं. आईनं निघताना दोन पुऱ्या पदराखाली घेतल्या. दारावरच्या माणसानं तिला अडवलं आणि सगळ्यांसमोर त्या परत टेबलावर ठेवायला लावल्या. "यहाँ खाओ जितना खाना है, बाहर नहीं जाएगा." आईचे कान लाल झाले. त्यानंतर बाहेर न्यायला म्हणून तिनं तिथल्या मिठाच्या कणालाही हात लावला नाही.

रात्री पहिली पंगत उठली तरी साहेब आणि फोरमनीणबाई रेंगाळले आणि आमच्या टेबलाजवळ येऊन बसले. बाई मनानं मोठी, हातानं त्याहून मोठी. त्यांनी बाबांच्या ताटात तीन गुलाबजाम टाकले.

"घ्या ना भाऊ! लाजता कावून? घरी रोज थोडेच भेटून राहिले?"

साहेब समोरच होते. नको म्हटलं तर का नको, हा प्रश्न आलाच असता. बाबांनी तिन्ही गुलाबजाम खाल्ले, हसत हसत. आई त्यांच्याकडे पाहत नव्हती, तिचा हात टेबलाखाली माझ्या मांडीवर होता आणि तिची नखं मला लागत होती. खोलीवर आल्यावर बाबा म्हणाले, "सकाळी थोडी जास्ती घेतो सुई. होते बराबर."

"जास्ती-कमती काही नोको करू," आई म्हणाली.

आता सकाळचं सांगते. जानेवारीचं धुकं होतं. आई बहिणीला घेऊन न्हाणीघराकडे गेली होती, ते खोल्यांपासून बरंच दूर होतं. मी रजईत. आणि भोंगा वाजला. लांब, जाड, अगदी आपला भोंगा. बाबा पलंगावरून उठले, अंगावर लपवून आणलेल्या स्टीलच्या डबीतून सिरिंज काढली, बाटलीतून औषध ओढलं आणि मांडीत सुई घेतली. मीही अर्धवट झोपेत उठले आणि रोजच्यासारखा पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला. आम्हा दोघांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

आई परत आली. तिनं ओली सिरिंज पाहिली.

"घेतली?"

"भोंगा झाला ना."

"अहो, तो लाटांचा भोंगा होता! तलावावर मशीन चालू करून पाहून राहिले ते लोक!"

बाबा क्षणभर हसले. मग त्यांच्या लक्षात आलं. बाहेर झाडू मारणाऱ्या बाईला आईनं वेळ विचारली. सव्वासात झाले होते. पहिली पंगत साडेआठला, आमची नवाला.

"आणि किती घेतली?" आईनं विचारलं. बाबांनी बाटली उशीखाली सारली. म्हणजे जास्तीच घेतली होती.

आई मला घेऊन धावत सुटली. हॉलचं शटर खाली. चहाच्या टपरीला कुलूप. सामानाच्या खोलीला कुलूप, आत आमचा गूळ. स्वयंपाकघराच्या मागच्या दारात आचारी बटाटे सोलत होता. आई म्हणाली, बच्ची को भूख लगी है. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी चांगली घोडी झाले होते. "साडे आठ बजे," तो म्हणाला आणि दार लोटून घेतलं. खरं कारण आईच्या ओठांवर आलेलं मला दिसत होतं, आणि तिनं ते गिळलं.

आठच्या सुमाराला आम्ही बाबांना घेऊन हॉलसमोरच्या बाकावर येऊन बसलो. निळ्या चोपड्यांची रांग लागायला लागली होती. साहेब आणि त्यांची बायको पुढे होती. बाबांच्या वरच्या ओठावर घाम आला.

"साहेबाले सांगू का मी?" आईनं हळूच विचारलं.

"एक शब्द नाही," बाबा म्हणाले. "क्रेन गेली समज. थांब उलशीक, उघडते आता."

आई थांबली. तिचा मला त्या वेळी भयंकर राग आला, आणि खरं सांगायचं तर तो पूर्ण गेलेला नाही. पण तिच्याही डोळ्यांपुढे काय होतं ते मला ठाऊक आहे. वर चढलेला नवरा एकदा खाली आला की लोक त्याच्याकडे कसं पाहतात, ते तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. ती पदरानं बाबांचा घाम पुसत राहिली, आणि पुसतानाही कोणाला दिसू नये म्हणून रांगेकडे पाठ करून उभी राहिली. बाबांचे हात थरथरायला लागले. धाकटी बहीण आपलं गुलाबी कूपन फाडून हातात धरून बसली होती.

मग बाबा एकदम उठले. "हा माणूस शटर कावून नाही उघडून राहिला? मी पाह्यतो त्याले," असं काहीतरी ओरडले आणि शटरकडे न जाता उलट तलावाकडे चालायला लागले. पाय तिरपे पडत होते. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाबा इतक्या जवळून माझ्याकडे पाहत होते आणि त्या डोळ्यांत मी नव्हते. त्यांनी हात झटकला आणि मागून येणाऱ्या आईला विचारलं, "ओ बाई, ही पोरगी कोणाची हो? तिले सांगा, हात सोड म्हना माहा."

आईला ते ओ बाई म्हणाले. मी अशी घाबरले की शपथ, क्रेन, साहेब सगळं डोक्यातून निघून गेलं. मी रांगेकडे तोंड केलं आणि किंचाळले, सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीतून, "मेरे बाबा को शुगर है! सुई ली है, खाया नहीं है! कोई मीठा दो!"

साहेब माझ्याकडे पाहत राहिले. हलल्या त्या फोरमनीणबाई. त्यांनी पर्स उघडली आणि आतून प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात काल रात्रीचे गुलाबजाम होते, चेपलेले, पाकात बुडालेले. दारावरच्या त्या माणसाच्या नाकाखालून त्यांनी ते बाहेर आणले होते, आणि माझी आई दोन पुऱ्या नेऊ शकली नव्हती. बाईंनी बाबांना कॉलर धरून खाली बसवलं आणि गुलाबजाम मोडून त्यांच्या तोंडात कोंबला. "खा भाऊ. चावू नोको, गिळ." पाक बाबांच्या हनुवटीवरून स्वेटरवर ओघळला. आई मटकन खाली बसून रडायला लागली.

दहा मिनिटांनी बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला नावानं हाक मारली. मग त्यांनी आजूबाजूला जमलेली माणसं पाहिली, साहेबांना पाहिलं, आणि मान खाली घातली. शटर उघडलं तेव्हा आमची गुलाबी कूपनं कोणी पाहिली नाहीत. साहेब समोर बसून नाश्ता करत होते. ते धुक्याबद्दल बोलले, पुऱ्यांबद्दल बोलले. जे बोलतील म्हणून आम्ही धसका घेतला होता, त्याबद्दल अवाक्षर नाही.

उरलेली सगळी जेवणं आम्ही जेवलो. कूपनं होती आणि आईनं एकही वाया जाऊ दिलं नाही. पण कशाची चव लागली हे विचाराल तर सांगता येणार नाही. बाबा माझ्याशी बोलले नाहीत. परतीच्या बसमध्ये ते पुढे एकटे बसले.

घरी आल्यावर चार दिवस रोज बाबा कामावरून आले की आई आधी त्यांचं तोंड बघायची. पाचव्या दिवशी ते भर दुपारी आले. डबा तसाच भरलेला होता. सायकल लावली, पायऱ्यांवर बसले आणि म्हणाले, "क्रेन सुटली. सोमवारपासून स्टोअरमध्ये. नटबोल्ट देत बसाचे."

मी दाराआड होते. हे माझ्यामुळं झालं, दुसऱ्या कोणामुळं नाही.

"सांगतलं ना त्या साहेबानं!" आई संतापून म्हणाली. "बायको गुलाबजाम चारते आन् नवरा..."

"त्यानं नाही सांगतलं. तो त चूपच होता. मीच सांगून आलो."

"तुमी? कावून?"

बाबांनी वाकून बुटाची नाडी सोडली.

"माही पोरगी समोर उभी होती आन् मले ओळखू नाही आली," ते म्हणाले. "अन् क्रेनच्या खाली त लोकाइची पोरं असतात. ते कोण ओळखीन?"

मग त्यांनी मला हाक मारली. मी गेले. त्यांनी डबा माझ्या हातात दिला आणि जेवायला वाढ म्हणाले. मी वाढलं, आणि रडत रडत वाढलं, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

बाबा निवृत्त होईपर्यंत स्टोअरमध्येच होते. गावाकडे लोक क्रेनचं विचारत तेव्हा ते सुरुवातीला विषय बदलत, पुढे पुढे सरळ सांगत. औषधाची बाटली वाळूतून निघून उघड्यावर आली. आणि आईनं एक पद्धत पाडली. सकाळी सुई झाली की ती मला बाबांसमोर उभी करी आणि विचारी, "ही पोरगी कोणाची?" कधी बाबा मुद्दाम म्हणत, "शेजाऱ्याची." तेव्हा आई खरोखर घाबरून साखरेचा डबा घेऊन धावत येई, आणि मग दोघांचं कडाक्याचं भांडण होई. पण बहुतेक वेळा बाबा चष्म्यावरून माझ्याकडे नीट बघत, अगदी सावकाश, आणि म्हणत, "माही हाय."