न वाचलेली सोळा पानं

रेजिनाबाईंची आणि माझी पहिली ओळख मालाडच्या एका खाजगी वाचनालयात झाली, तीही त्या समोर नसताना. कॉलेजात मराठी शिकवणारा मी, प्रेमकथांच्या कपाटाकडे नाक मुरडूनच पाहत असे. बायकोसाठी नेलेली त्यांची कादंबरी सहज चाळायला घेतली आणि एका बैठकीत संपवली. नायिका वर्सोव्याच्या धक्क्यावर उभी आहे, मढकडे जाणारी होडी सुटते आणि कादंबरी संपते. मी थक्क झालो. 'शेवट न सांगण्याचे धैर्य' असा लेखच एका मासिकात लिहिला. बाईंचं आभाराचं पत्र आलं.

पुढे त्या कादंबरीवर चित्रपट निघाला. त्यात होडी परत फिरते, लग्न लागतं, बँड वाजतो. अंधेरीतल्या बाईंच्या सत्कारसभेत मी तावातावाने म्हणालो, "सिनेमावाल्यांनी साहित्याची पार वाट लावली!" व्यासपीठावर रेजिनाबाई खाली मान घालून बसल्या होत्या. सभेनंतर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"सर, लग्न माझंच आहे. बँडसुद्धा. तुमच्या कॉपीत शेवटची सोळा पानं नसतील. लायब्ररीची पुस्तकं अशीच असतात ना."

चारचौघांत हे बोलल्या असत्या, तर माझी चांगलीच शोभा झाली असती.

त्यांनी दिलेल्या कोऱ्या प्रतीतली ती पानं मी घरी वाचली. अगदी बाळबोध होती. आणि वाचताना माझे डोळे भरून आले. मग मी नावाजलं होतं ते कुणाला? बाईंना, की पुस्तकाच्या फाटक्या बांधणीला? आणि ज्याने रडवलं ते साहित्य नव्हे, तर मग आहे तरी काय? तेव्हापासून वर्गात साहित्याचे निकष सांगताना मी अडखळतो.

चूक कबूल करणारं पत्र छापायचं ठरवून मी बोरिवलीला, गावठाणातल्या त्यांच्या घरी गेलो. आपल्या शाळेतल्या मुलांच्या वह्या तपासता तपासता त्या म्हणाल्या, "नको ना सर. इतकी वर्षं लिहिते, पण लेखिका म्हणून माझ्याबद्दल तुम्ही एकट्यांनीच लिहिलंय." मी पत्र तसंच खिशात ठेवलं.

यंदा बाईंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत, म्हणून हा लेख. इथवरचा मजकूर मी त्यांना आधी वाचून दाखवला.

"छापा," त्या म्हणाल्या. "पण आता पुरं वाचलंय तुम्ही. आता सांगा, आहे मी लेखिका?"

मी "हो" म्हणालो. का, ते मला अजून सांगता येत नाही. बाईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. त्या 'का'चं उत्तर शोधायला मला वेळ लागणार आहे.