चिमणाबाईचा अबोला

उचगावात क्रांतीची पिठाची गिरणी आहे. पट्टा फिरायला लागला की कानाशी येऊन ओरडलं तरी ऐकू येत नाही. त्यामुळे गिऱ्हाइकांशी तिचं बोलणं म्हणजे हातवारे आणि डोळे वटारणं. तुंबलेलं सगळं बोलणं ती मोबाइलवर मोकळं करायची. ऑनलाइन एक गट होता. त्यातल्या लोकांनी चिंचवाडी नावाचं एक गाव मनानंच वसवलं होतं. प्रत्येकानं त्या गावातलं कुणीतरी व्हायचं, आणि ते माणूस काय बोललं, कसं वागलं, ते लिहायचं.

क्रांती तिथं तीन माणसं होती. अंडी विकणारी तोंडाळ शालूबाई, ट्रकवाला केरबा आणि म्हातारी चिमणाबाई. शालूबाई तर साऱ्या गटाची लाडकी. ती कुणाला काय बोलते ते वाचायलाच निम्मे लोक यायचे.

मग सरपंचानं रस्त्यासाठी चिमणाबाईच्या दारातली चिंच तोडली. विचारलंसुद्धा नाही. गावातलं एक माणूस मध्ये पडलं नाही. चिमणाबाईनं अख्ख्या गावाशी अबोला धरला. सरपंच व्हायचा तो यशराज, शिरोलीतल्या एका कारखान्यात नोकरीला असलेला पोरगा, आणि गटाचा कारभारीही तोच. त्याला वाटलं, म्हातारी दोन दिवस रुसेल, मग येईल ताळ्यावर. महिना गेला. शेजारणी, सुना दारात हाका मारून थकल्या. क्रांतीनं चिमणाबाईच्या तोंडी एक शब्द घातला नाही.

तेव्हा यशराजनं गटाचा नियम पुढं केला. ज्याचं एकच पात्र आहे त्यानं सवडीनं लिहावं. ज्याची जास्त आहेत, त्याचं प्रत्येक पात्र दर आठवड्याला बोललंच पाहिजे, नाहीतर ते रद्द. चिमणाबाईला रविवारपर्यंत मुदत मिळाली. क्रांतीनं लिहिलं, 'चिमणाबाई बोलली नाही.' यशराजनं ते बोलणं म्हणून धरलं नाही.

कृष्णात, तिचा नवरा, म्हणाला, दोन ओळी लिहून टाक, कुणाचं काय जातंय? क्रांतीच्या मस्तकात तिडीक गेली. दहावीनंतर तिची शाळा बंद केली तेव्हा ती जेवली नव्हती, बोलली नव्हती, घरात भुतासारखी वावरली होती. घरच्यांनी काय अर्थ काढला? पोरगी काही म्हणत नाही, म्हणजे तिला मान्य आहे. आता इतक्या वर्षांनी हा पोरगा सांगतोय की न बोलणारी बाई गावात नाहीच. अरे, घरात एकीनं अबोला धरला की चार माणसांच्या घशाखाली घास उतरत नाही, आणि हिला म्हणे काढून टाका!

रविवारी यशराजचा फोन आला. क्रांतीनं भरल्या गिरणीचं बटण बंद केलं. तो गोडीत म्हणाला, ताई, नुसतं 'बरं' म्हणू द्या तिला, मी टिकवतो.

"तेवढंच म्हणणार न्हाय ती," क्रांती म्हणाली. "गप बसलीय म्हंजे मेली न्हाय. आन् कबूलबी झाली न्हाय."

"मग मला नाव काढावं लागेल. तुमची तीन पात्रं आहेत, नियम सगळ्यांना सारखाच."

"काढा की. शालूबाईला काढा. केरबालाबी काढा."

शालूबाई म्हणजे क्रांतीचा जीव. पोटच्या पोरीसारखी वाढवली होती तिनं ती बाई. पण आवाज तिनं हलू दिला नाही.

"आता माझं एकच माणूस ऱ्हायलं. तिला बोलायची सक्ती न्हाय. तुमचाच नियम हाय."

यशराज गडबडला. असं कसं ताई, म्हणाला, शालूबाई गेली तर गावात येणार कोण? लोकांना सांगू काय?

"सरपंच हाय न्हवं तुम्ही? चिमणाबाईच्या दारात जावा आन् तिला इचारा."

संध्याकाळी सरपंच खरंच गेला. चिंच तोडली ती चूक झाली, असं सगळ्या गावादेखत त्यानं लिहिलं, आणि उंबऱ्याशी उभा राहिला. गट वाट बघत होता. क्रांतीनं ते दोनदा वाचलं, काही न लिहिता मोबाइल उपडा ठेवला आणि गिरणी चालू केली.